नुसता नाजरा

पाळण्याची कडी कुरकुरली आणि जुलेखाच्या हातातलं पेन जागच्या जागी थांबलं. बाळ उठलं नाही. कूस बदलून पुन्हा गप झालं. तिनं सोडलेला श्वास समोर बसलेल्या गुलाबचाचांनाही ऐकू गेला असावा.

चाचा जमातीचे जुने विश्वस्त. कागद त्यांनीच आणला होता. मशिदीमागचा हॉल मुलींच्या मदरशासाठी द्यायचा, शिकवायला जुलेखा, सुरुवात सोमवारी. सगळं तिनं मागितलं होतं तसंच. फक्त खाली एक ओळ जास्तीची होती. मदरशात नाजरा शिकवला जाईल, तर्जुमा नाही.

नाजरा म्हणजे कुराण बघून बिनचूक वाचणं. तर्जुमा म्हणजे वाचलं त्याचा अर्थ. त्या अर्थासाठीच तर ती माहेरापासून पाच वर्षं लांब राहून, धर्माचं शिक्षण पुरं करून आलिमा झाली होती. आणि लग्न होऊन कोल्हापुरात आल्यावर सहा वर्षं याच खोलीत आधी मुलींकडून कुराणातली एकेक आयत वाचून घ्यायची, मग तिचा अर्थ मराठीत सांगायची, कारण निम्म्या मुलींना उर्दू येत नव्हती. खोली दहा बाय दहाची, मुली तेवीस. शेजारच्या चिमणाबाई रोज दारातून टोमणा मारायच्या, "चपलांचं दुकान घातलंयस व्हय गं?" आणि मग स्वतःच वाकून त्या चपला भिंतीकडेला लावायच्या.

"चाचा, ही ओळ कुणी घातली?"

"सगळ्यांनी मिळून, म्हण." चाचांनी चहाची बशी खाली ठेवली. "मागं तू वारसाची आयत शिकवलीस. पोरी घरी जाऊन बापाला इचाराय लागल्या, तुमच्या भणीचा, फुप्पीचा वाटा दिला का म्हणून. चार बाप माझ्या दारात."

"मी चुकीचं सांगितलं का?"

"बरोबर सांगितलंस. त्येचाच तर घोळ झाला."

जुलेखाला हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोहोचलं नाही. तिला भांडायचं होतं. भांडायला जी झोप लागते ती चार महिन्यांत झाली नव्हती. नवरा इचलकरंजीला मागावर, त्याची पाळी सुटेपर्यंत बाळ तिचं एकटीचं. हॉलसाठी ती किती जणांच्या पायऱ्या चढली, हे आता आठवतही नव्हतं. हॉलमध्ये पंखे होते, नळ होता, संडास होता. इथं मोठ्या मुली यायच्या आधी पाणीच पीत नसत. तिला माहीत होतं, त्या सांगत नसल्या तरी.

"तर्जुमा पुढच्या साली बघू की," चाचा म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता, म्हणून आणखी जड गेला. "आधी हॉल तर घे. अर्थ कुठं पळून चाललाय?"

तिनं सही केली. चाचांनी कागदाची घडी खिशात घातली आणि उठताना म्हणाले, "शब्द दिलायस, आलिमा." आजवर ते तिला बेटी म्हणायचे.

सोमवारी शाळा सुटल्यावर मुली आल्या. एकतीस. पंख्याखाली ओढण्या उडत होत्या म्हणून खिदळत होत्या. चाचा दाराशी खुर्ची टाकून बसले, कौतुकानं. जुलेखानं बाळाला मांडीवर घेतलं आणि कुराणातला सूरह दुहा हा अध्याय उघडायला सांगितला.

उचगावची मिसबा त्या दिवशी पहिल्यांदाच आली होती. नऊ वर्षांची. रमजानच्या आधी तिचे अब्बू गेले. वाचन मात्र पाण्यासारखं. ती ओळीखाली बोट फिरवत वाचू लागली आणि जुलेखाच्या जिभेवर सवयीनं अर्थ येऊ लागला. तुझ्या रबनं तुला सोडलेलं नाही. तिनं तो गिळला. आणखी दोन आयती आल्या, त्यांचाही अर्थ गिळला. एवढं काही अवघड नाही, तिला वाटलं. उलट हलकंच वाटत होतं. नुसते उच्चार ऐकायचे, कुणी काही विचारत नाही.

मग ती आयत आली. तुला यतीम, पोरकं पाहून त्यानं आसरा दिला नाही का? जुलेखानं बाळाच्या डोक्यावरचं टोपडं सारखं केलं आणि पुढच्या आयतीची वाट पाहिली.

पुढची आयत आली नाही. मिसबाचं बोट एका शब्दावर थांबलं होतं. तिनं तो शब्द पुन्हा वाचला, मग अगदी हळू, आणखी एकदा. दाराशी बसलेले चाचा आपल्या पायांकडं बघू लागले.

"आपा," मिसबा म्हणाली, "यतीम तर मला म्हणत्यात की. हितं माझ्याबद्दल काय लिवलंय?"