खिडकीखालचा फुटवा

कात्री हातात होती, तरी म्हाताऱ्याने तो फुटवा कापला नाही. आजूबाजूची वाळकी फुलं तेवढी टिपली, फुटव्याच्या बुडाशी झारी रिकामी केली आणि काही झालंच नाही अशा थाटात नळाकडे निघून गेला. खिडकीला लावलेल्या पलंगावरून म्हातारी हे बघत होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

या माणसाने उभा जन्म रोपवाटिकेत गुलाबाची कलमं बांधण्यात घालवला होता. गावभर त्याला कलमवालाच म्हणत. रानगुलाबाच्या खुंटावर चांगल्या गुलाबाचा डोळा बसवावा तर त्यानेच. गिऱ्हाईक रोप घेऊन निघालं की हा पार रस्त्यापर्यंत त्याच्या मागे जायचा आणि बजावायचा, कलमाच्या खालून फुटवा आला तर त्याचे लाड करू नका, मुळापासून ओढून काढा. तो रानटी असतो, वरच्याच्या तोंडचा घास पळवतो. ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. आणि आता त्याच्याच बागेत, तिच्याच खिडकीखाली तसला रानटी धांडा छातीएवढा वाढला होता, आणि हे महाशय त्याला सकाळ-संध्याकाळ पाणी पाजत होते.

तो गुलाब तिच्यासाठीच लावलेला होता. खुब्याचं हाड मोडून ती अंथरुणाला खिळली तेव्हा तिने एकच हट्ट धरला, पडल्यापडल्या फाटक दिसलं पाहिजे. म्हाताऱ्याने खिडकीपुढची उंच झाडं मुकाट्याने उपटली आणि तिथे हे ठेंगणं, गुलाबी फुलांचं झुडूप आणून लावलं. गुडघ्याच्या वर गेलं तर माझं नाव बदल, म्हणाला. झुडपानेही त्याचा शब्द राखला. बसक्या बांध्याचं, पसरट, अंगभर फुलांचे झुबके. भोवती डेलिया, पॅन्सी आणि फ्लॉक्सची नुसती दाटी, कोणाचा पाय कोणात ते कळू नये. त्यांच्यातून विटांची पायवाट वाट काढत जायची आणि तिच्या टोकाला लाकडी फाटक, पलंगावरून कडीसकट दिसणारं.

फाटक बघायचं ते मुलासाठी. तो मालवाहू बोटीवर कामाला होता. येतो म्हणून कधी कळवायचा नाही. आधी पिशवी आत पडायची, मग फाटकावरून एक लांब टांग यायची. सरळ कडी काढून आत आला असं आयुष्यात एकदाही झालं नाही. बाप दर खेपेला ओरडायचा, फळी निखळेल म्हणून, आणि दर खेपेला निखळलेली फळी स्वतःच ठोकायचा. म्हातारी त्या पिशवीची वाट बघत दिवस काढत होती.

मध्ये एकदा मुलगी अवेळीच आली. आल्या आल्या आईकडे न येता मागच्या नळापाशी बापाशी बराच वेळ बोलत राहिली. दोघं आत आली तेव्हा दोघांचीही तोंडं धुतलेली होती. वाटेत फार धूळ होती, मुलगी म्हणाली. तिने आईचे केस विंचरले, चहाही न घेता निघून गेली. म्हातारीला ते खटकलं, पण तिने विचारलं नाही. काही गोष्टी विचारायची भीती वाटते. त्यानंतरच म्हाताऱ्याची बडबड बंद झाली. एरवी हा झाडांनाही शिव्या घालायचा. आणि त्याच सुमाराला खालून तो फुटवा वर आला.

तिने रागावून पाहिलं, अबोला धरून पाहिला. शेजारचे मास्तर कुंपणावरून म्हणाले, कलमवाले, आता रानगुलाबाची रोपवाटिका काढताय की काय. तो कसनुसा हसला. खाली गुलाबी झुडपाची पानं पिवळी पडत चालली होती. शेवटचा झुबका उमललाच नाही, कळ्या जागच्या जागी वाळल्या. धांडा मात्र खिडकीवर कमान धरून आला. आधी त्याच्याआड कडी गेली, मग फळ्या. आता फाटकाचं एक टोक तेवढं उरलं होतं.

त्या संध्याकाळी तो तिची छातीची गोळी घेऊन आला तेव्हा तिने तोंड फिरवलं.

“आज तो उपटा, नाहीतर मी गोळी घ्यायची नाही. अहो, गुलाब मरतोय.”

“मरू दे.”

कुठल्याही झाडाबद्दल तो असं बोललेला तिने आजवर ऐकलं नव्हतं.

“मला फाटक दिसेनासं झालंय,” ती हळूच म्हणाली.

तो पलंगाच्या कडेला टेकला. गोळी त्याच्या तळहातावर ओली झाली होती.

“म्हणूनच वाढवलाय,” तो म्हणाला. “दिवसभर तू तिकडे डोळे लावून बसतेस, मला बघवत नाही. त्या फाटकावरून आता कोणी टांग टाकायचं नाही गं.”

असला धक्का तिला सोसायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. पण तिला काही झालं नाही. छाती निर्लज्जासारखी धडधडत राहिली. तिने एवढंच विचारलं, सापडला का. त्याने नाही अशी मान हलवली. समुद्रात कोण कोणाला सापडतं, असं काहीतरी तो पुटपुटला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तिने त्याच्या तळहातावरची गोळी उचलून तोंडात टाकली आणि खिडकीकडे बघितलं. वाऱ्याने पानं हलली की फाटकाचं ते टोक अजून मधूनच डोकावत होतं.

“अजून दिसतंय थोडं,” ती म्हणाली. “उद्यापासून त्याला पाणी जरा जास्त घालत जा.”