डावा हातमोजा

पत्र्याच्या कारखान्यात मुलीचा उद्या पहिला दिवस. दुकानात तिने पाचसहा हातमोजे घालून पाहिले. सुती म्हणजे पत्र्याला खाऊ, रबरी म्हणजे हाताला घाम, असं करत शेवटी बाबा वापरायचे तसलाच चामडी जोड तिने घेतला. घरी आल्या आल्या आईने तो ताब्यात घेतला आणि दाभण-दोरा काढून बसली.

"आता घालून बघ."

उजवा चपखल बसला. डाव्यात मात्र करंगळी जाईना. ते बोट आईने निम्म्यावर दुमडून पक्कं शिवून टाकलं होतं.

"आई, माझी करंगळी आहे अजून."

आईचा हात कपाळाला गेला. बाबांची अर्धी करंगळी मशीनने नेली, तेव्हापासून मोज्याचं रिकामं बोट कुठे अडकू नये म्हणून त्यांचा प्रत्येक नवा जोड ती असाच शिवून द्यायची. बाबांना जाऊन वर्षं लोटली, पण तिच्या हातांना ते कोण सांगणार?

"आण इकडे, उसवते," म्हणत तिने कात्री उचलली.

मुलीने करंगळी मुडपली, हात मोज्यात सरकवला आणि आईपुढे केला.

"आधी हा हात धर," ती म्हणाली. "मग उसव."