कोंबड्यांचं खाद्य

मोनिकाला बघायला फुलंब्रीहून आलेलं घर बुद्धाचं पंचशील काटेकोर पाळणारं, दारूला न शिवणारं होतं, आणि तिचे पप्पा दारूच्या कारखान्यात बाटल्या भरण्याच्या विभागात सुपरवायझर होते.

"वडील कुठं असतात कामाला?" मुलाच्या आईनं विचारलं.

"कोंबड्यांच्या खाद्याच्या कारखान्यात," पप्पांनी तोंड उघडायच्या आत मोनिका बोलून गेली. अगदीच खोटं नव्हतं ते. दारू काढून उरलेला मक्याचा चोथा तिथंच ड्रायरमध्ये वाळवून ब्रॉयलर कोंबड्यांसाठी विकला जाई.

"चांगलं हाय की! दारूबिरूच्या धंद्यातलं घर नको होतं बाई आम्हाला," त्या हसल्या आणि सोयरीक पक्की करूनच उठल्या.

पप्पा त्यांना सोडायला फाटकापर्यंत गेले. परत आल्यावर ते पाहुण्यांच्या कपबशा गोळा करायला लागले, तेव्हा मोनिकालाच त्यांच्याकडे बघवेना.

सोमवारी ते कामावरून आले, तर केसांपासून बुटांपर्यंत पिवळसर भुकटीनं माखलेले.

"हे काय, पप्पा?"

"ड्रायरवर बदली मागून घेतली," बुटांची नाडी सोडत ते म्हणाले. "लई गरम असतं तिथं, पण तुझं बोलणं खोटं पडायला नको."