अवकाशयानातलं सुतक

टीव्हीवरच्या अवकाशयानातला यंत्रज्ञ दोर तुटून काळोखात दिसेनासा झाला. कप्तान बराच वेळ त्याला हाका मारत राहिली. मग तिने यान परत वळवलं. हे नुसते बघत बसले होते.

ही मालिका आमच्या सौमित्रच्या आवडीची. तो यंत्रज्ञ बोलताना कान खाजवायचा, अगदी सौमित्रसारखा, म्हणून हे एकही भाग चुकवत नसत. सौमित्रचं जहाज गेल्या वर्षी बुडालं. नातेवाइकांनी आंघोळ करायला सांगितलं, तर हे जागचे हलले नाहीत. मी सुतकातली बिनफोडणीची आमटी वाढली, तेव्हा ताट सारून म्हणाले, "फोडणी दे. माझा मुलगा सापडायचाय अजून." तेव्हापासून मी रोज फोडणी देते. रडायचं राहूनच गेलं.

आता ते उठून बाथरूममध्ये गेले. डोक्यावरून पाणी ओतल्याचा आवाज आला.

"अहो, सकाळी झाली ना तुमची आंघोळ?" मी स्वयंपाकघरातून ओरडले.

ते निथळत दारात येऊन उभे राहिले.

"कोण गेलं?" मी विचारलं.

"आपला सौमित्र."

कढईतलं तेल तापलं होतं. मी गॅस बंद केला.