चेटकिणीच्या घरचे

बाळंतपणाला माहेरी सालेकशाला आलेल्या रेणूने चेटकिणींच्या घराण्याची आपली लाडकी कादंबरीमाला पुन्हा पहिल्या भागापासून काढली होती. एवढी शिकलेली पोरगी, अन् तेच तेच वाचून दरवेळी रडते, याचं सुलोचना आत्याला हसू येई. आजही उंबऱ्याच्या आत बसून रेणू डोळे पुसत होती. बाहेर घरापुढच्या सपरीत, छपराखाली, मोहफुलं निवडता निवडता आत्याने विचारलं,

"आता काऊन रडून राहिली वं?"

"गाववाले म्हणतात, ही चेटकीण आहे, हिले हाकला. तं घरचे सगळेच तिच्यासंग गाव सोडतात, आत्या."

"सगळेच?"

"लेकरंबाळं घेऊन."

आत्या फिस्सकन हसली. "लिहिणाऱ्याच्या बापाचं का जाते? कागदावर भाऊबी चांगले निघतात."

"तुले नाही समजाचं त्यातलं. त्याले मन लागते."

तेवढ्यात आत पाळण्यात बाळ कुरकुरलं. रेणूने पानाचा कोपरा दुमडला, पदराने डोळे कोरडे केले आणि आत्याची नजर बाळावर पडू नये म्हणून, रोजच्यासारखी, दार लोटून आतून कडी घातली.