काल रात्रीचं जेवण

आईचा मेंदू शहरातल्या डॉक्टरांना अभ्यासासाठी देऊन उरलेली आई दोघा भावंडांनी आपल्या अँतिओकिया प्रांतातल्या डोंगरात पुरली. त्या घराण्यात पंचेचाळिशी आली की एकेकाची आठवण जायची. दुखणं रक्तातून उतरायचं. गाव त्याला नुसतं 'खूळ' म्हणायचं. त्या दोघांनीही तपासणीला रक्त दिलं होतं. थोरल्या आर्सेसियोनं निकाल ऐकायला साफ नकार दिला. नूबियानं आज ऐकला. तिच्यात ते दुखणं नव्हतं.

हे त्याला कोणत्या तोंडानं सांगायचं, असा विचार करत ती घरी आली. तो चुलीपाशी मक्याच्या आरेपा भाजत होता. तिला पाहताच त्यानं घरातला रोजचा प्रश्न टाकला.

"काय म्हातारे, काल रात्री काय जेवलो आपण?"

"आधी तू सांग. की लागलं खूळ?"

"खूळ लागायला आधी डोकं लागतं, ते असतं तुम्हा बायकांकडे! राजमा गं. आणि वर डुकराची कुरकुरीत चामडी." तो हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघत थांबला. तव्यावरची आरेपा करपू लागली तरी त्याचं लक्ष नव्हतं. "बरोबर ना, नूबिया?"

"अगदी बरोबर," ती म्हणाली. "चामडी तेवढी तू एकट्यानं संपवलीस, हावरटा."

"मग! अजून शाबूत आहे मी," म्हणत तो पुन्हा चुलीकडे वळला.



काल रात्री तिनं कोंबडीचा रस्सा केला होता, आणि हे आता तिला एकटीलाच आठवत होतं.