चौदा नंबरचं प्रेशर

"हे आकडे तुमच्याच हातचे ना, काका?"

सानिकाने लॅपटॉप पडवीतल्या स्टुलावर ठेवला आणि पडद्यावरचा जुना कागद मोठा केला. भागोजीने चष्मा लावला. स्वतःचं अक्षर माणूस कुठेही ओळखतो. चौदा नंबरची तेलविहीर, अकरा वर्षांची प्रेशरं, खाली त्याची सही.

"माझेच. का गो बाय?"

"त्या जुन्या फील्डचं कॉम्प्युटरवर मॉडेल केलंय आम्ही. समुद्राच्या तळाखाली किती तेल उरलंय, किती जोर उरलाय, ते सगळं ह्याच आकड्यांवर उभं आहे."

पोरगी कंपनीच्या रत्नागिरीच्या ऑफिसातली, रिक्षा करून थेट पालीला आलेली. रिक्षा दारात तशीच उभी. भागोजीच्या बायकोने, सावित्रीने, आणून दिलेला चहा गार झाला तरी तिने कपाला हात लावला नव्हता. आजकालच्या पोरांना सगळीच घाई, भागोजीला वाटलं.

"इतक्या वर्षांनी हे विचारायला आलीस?"

"खात्री हवी. मोजण्याआधी विहीर दोन दिवस बंद ठेवायची असते. ठेवली होती ना?"

भागोजीने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला.

मोजणी दरवर्षी नेमकी भाद्रपदात यायची. विहीर बंद केली की आतला जोर हळूहळू चढतो, खरा आकडा दोन दिवसांनी कळतो. पण दोन दिवस समुद्रात विहिरीवर बसलं तर गणपती चुकणार, आणि कोकणातला माणूस एक वेळ पगार सोडेल, गणपती सोडायचा नाही. भागोजी चार तास विहीर बंद ठेवायचा, मिळेल तो कमी आकडा लिहायचा, पुढे 'अठ्ठेचाळीस तास' असं ठोकून द्यायचा आणि घर गाठायचा. तेव्हा कोणाचं काही बिघडलं नाही. उलट निवृत्त होताना साहेबांनी अचूक नोंदींबद्दल शाल घातली, आणि त्याच नावावर त्याच्या मुलाला, सुजयला, कंपनीत नोकरी लागली.

"आणि नसती ठेवली, तर?" त्याने सहज विचारल्यासारखं केलं.

"तर खरा जोर बराच जास्त. मॉडेल म्हणतं जोर संपलाय, म्हणून शेजारची नवी विहीर हलक्या, स्वस्त तयारीने खणायची. तेवढ्या खर्चातच ती परवडते. आकडे खोटे असतील तर विहीर फुटेल. माणसं मरतील, काका."

सुजय मुंबईत ट्रेनिंगला होता. सोमवारी रिगवर, समुद्रातल्या खोदकामाच्या तळावर, जाणार होता. खरं बोलावं तर म्हातारपणी तोंडाला काळं, वर पोराची नोकरी जायची. सोमवारला अजून चार दिवस होते. आई आजारी आहे सांगून त्याला घरी बोलावून घेता येईल. आणि बाकीची माणसं? कंपनी खणण्याआधी पुन्हा मोजेलच की. त्याला स्वतःचीच शरम वाटली, पण आवाज मात्र हलला नाही.

"चांगले दोन दिवस. अकराही वर्षं."

"नक्की?"

"भागोजीच्या सहीवर संशय नको घेऊस गो."

सानिकाने फोन लावला. "आकडे खरे आहेत. मीटरच बिघडलाय. उघडा," एवढंच बोलली आणि तो गार चहा एका दमात संपवला.

"काय उघडा?"

"नवी विहीर. खणून झाली, काका. पहाटेपासून मीटर जोर दाखवतोय म्हणून तोंड बंद करून ठेवलं होतं. मीटर खरा की तुमचे आकडे, तेच कोणाला ठरवता येईना. तुम्हाला काही सांगू नका, काळजीपोटी उगाच नाही म्हणतील, असं सुजयने बजावलं होतं." ती पहिल्यांदाच हसली. "तो मागच्या आठवड्यापासूनच रिगवर आहे. म्हणाला, बाबांनी हो म्हटलं तरच उघडीन, आणि मग माझ्याच हाताने उघडीन."